नूरआपाचा वाटा

त्या दिवशी धुई इतकी दाट होती की हात लांब केला तर आपलीच बोटं परक्याची वाटावीत. अन हिव तर असं, की आमचं पौषातलं हिव त्याच्यापुढं लेकरू! अशा धुईत मी, पालम तालुक्यातला एक म्हातारा, पंजाबात सरहद्दीच्या फाटकापाशी उभा होतो. हिंदुस्तान कुठं संपतो अन पाकिस्तान कुठं लागतो, ते डोळे भरून बघायचं म्हणून एवढ्या लांब आलो, तर पुढं सगळं पांढरं. बाजूच्या जवानाला विचारलं, "साहेब, पाकिस्तान किधर है?"

त्यानं धुईकडं हात केला. म्हणाला, "बाबा, होना तो उधर ही चाहिए!"

सरहद्द ओलांडून आलेल्या माणसाचं असं होतं. गेला एक दिवस, पण गोष्टी निघतात वर्षभराच्या. गोठ्यातलं एक वासरू सोडलं की बाकीची आपोआप मागं येतात, तसं. पारावर बसलो की मंडळी म्हणतात, "तात्या, त्यो पोलिओचा सांगा." तो सांगावा तर दुसरा म्हणतो, "अन पोलिसाचा?" शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं लागली ती भजनात पोथीवर बोट ठेवून ठेवून. म्हणून माझं लिहिणंही बैलगाडीच्या चालीचं आहे. निवांत बसा.

०

आधी इस्माईलभाई सांगितला पाहिजे. माझा शेजारी. भिंतीला भिंत, बांधाला बांध. त्याची थोरली बहीण नूरबी. सगळं गाव तिला नूरआपा म्हणायचं. लगीन होऊन ती कराचीला गेली तेव्हा आम्हा दोघांना मिसरूडही फुटलं नव्हतं. मधी एकदा माहेरी येऊन गेली. मग दोन देशांचं बिनसत गेलं अन तिचं येणं राहिलं ते राहिलंच. आता ती लाहोरला नातीकडं असते.

लहानपणी ही बहीण-भावंडं बकऱ्या राखायला जायची. माय दोघांत मिळून एक भाकर बांधून द्यायची. मोडायचा मान नूरआपाचा. ती मोडायची, अन इस्माईलची नजर पडायच्या आत मोठा तुकडा तिच्या तोंडात! हा रडत घरी. माय म्हणायची, "ती मोठी हाय, तिचं पोट बी मोठं हाय."

इस्माईलभाई अंगानं बुटका. सत्तरी उलटली तरी एकच तक्रार, "मारोती, माझी उंची नूरआपानं खाल्ली!"

०

तक्रार अशी, पण रीत बघा. दर साली ज्वारीची रास झाली की इस्माईलभाई खळ्यावर पहिलं सूप भरून बाजूला ठेवायचा. "हा नूरआपाचा वाटा." बहीण सरहद्दीपल्याड, मग वाटा कुणाला? तर गावात माहेरपणाला आलेल्या लेकीला. पाटलाची असो, बौद्धवाड्यातली असो, जी आधी दिसंल तिच्या पदरात सूप रिकामं करायचा.

मी एकदा म्हणालो, "अरे, ही काय तुझी बहीण हाय का?"

तर म्हणाला, "न्हाई. पण तिकडं माझ्या बहिणीला बी कुणी घालतच असंल की!"

०

मग मोबाईल आले अन बहीण-भाऊ फोनवर दिसायला लागले. वर्षभर लय बरं चाललं. पण नूरआपाची याददाश्त उतरत गेली. एक दिवस नातीनं फोन तिच्यासमोर धरला. इकडून इस्माईलभाई "आपा, आपा" करायलाय, अन ती नातीला विचारती, "ये बुड्ढा कौन है गे?"

इस्माईलभाईनं फोन पालथा ठेवला. त्या दिवसापासून त्यानं तो फोन घेतला नाही. वाजला की सुनेला म्हणायचा, "सांग, झोपलाय."

त्यातच तो पडला, खुब्याचं हाड मोडलं अन बाज धरली. त्याच सुमाराला हडंबा घेऊन ग्यानसिंग आला. ग्यानसिंग नांदेडचा सरदार, मळणीचं यंत्र घेऊन दर हंगामात आमच्याकडं येणारा. तो म्हणाला, "मी करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याला जायलोय. पाकिस्तानात हाय, पण व्हिसा लागत न्हाई. कोणत्याही धर्माचा माणूस चालतो. सकाळी जायचं, सांजच्याला माघारी. तिकडची माणसं बी तिथं येतात, भेटी होतात."

इस्माईलभाईनं माझा हात धरला. "मारोती, तू जा. माझं नाव तिच्या मनात हाय का पुसलं, एवढंच बघून ये. पुसलं असंल तर तसं सांग. गोड करून सांगू नको."

०

पासपोर्ट काढायला टाकला अन गावात पोलीस आला. चौकशीला येतात, तशी रीत आहे म्हणे. पण गावाला काय माहीत! तो माझं नाव विचारत पारापासून घरापर्यंत आला तोवर निम्मं गाव त्याच्या मागं. एक म्हातारी तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ह्या वयात काय केलं रे मारोती?"

पोलीस भला माणूस. चहा घेतला. विचारलं, "तात्या, काही गुन्हा, काही केस?"

"न्हाई जी."

"मारामारी?"

"न्हाई."

"बांधावरनं भांडण?"

"कधीच न्हाई."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग पाकिस्तानला कशाला चालले?"

०

परभणीहून अमृतसरची गाडी धरली. वाटेत स्टेशनास्टेशनावर माणसं डब्यात चढून जेवण वाढायची. नाव नाही, गाव नाही, जात नाही, नुसतं "लो बाबाजी". मी तर बघतच राहिलो. आमच्या पंगतीतही वाढपी एकदा तोंडाकडं बघतो!

गाडीतच ग्यानसिंगला माझ्या पिशवीतली गाठोडी दिसली. "चाचा, यात काय हाय?"

"नूरआपाचा वाटा. ह्या सालचा कुणाला दिला न्हाई इस्माईलभाईनं. तिचा तिला द्यायचा."

ग्यानसिंगनं कपाळाला हात लावला. "ज्वारी? अहो, कच्चं दाणं, बियाणं सरहद्दीपार जाऊ देत न्हाईत! तिथंच काढून घेतील."

मी घाबरलो. भोपाळ येईपर्यंत गाठोडीवर हात ठेवून बसलो. मग सुचलं. विचारलं, "अन शिजलेलं?"

"शिदोरी कोण अडवतंय!"

झालं! सरहद्दीजवळच्या गावात पोचलो त्या दुपारीच चक्की गाठली. चक्कीवाल्यानं ज्वारी हातात घेऊन विचारलं, "म्हशीला घालायची का?" पीठ घेऊन गुरुद्वाऱ्याच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथं वीसेक बाया लाटण्यानं फटाफट गव्हाच्या रोट्या लाटायल्या. मी म्हणालो, "बहनजी, एक कोपरा द्या." गरम पाण्यात पीठ मळलं, हातावर घेतलं अन थापायला बसलो. तरुणपणी रानात वस्तीला राहायचो, तेव्हापासून हात बसलेला आहे.

लाटणी थांबली. एकेक बाई उठून जवळ. लाटणं नाही, पोळपाट नाही, अन भाकर हाताखाली गरगरा फिरत मोठी होतीय! तव्यावर टाकून पाणी फिरवलं, उलटली, विस्तवाला लावली अन टम्म फुगली. तशी एक म्हातारी मोठ्यानं "वाहेगुरू!" म्हणाली.

मी म्हणालो, "माय, आमच्याकडं हे रोजच होतं."

०

आता पोलिओ. फाटकाच्या आधी मोठी इमारत आहे, आपली, हिंदुस्तानची. कागद बघतात, पिशव्या बघतात. तिथं एक नर्सबाई बसलेली. म्हणाली, "बाबाजी, मुँह खोलो."

"कशाला?"

"पोलिओ की दवाई. उधर जानेवाले सबको."

मी म्हणालो, "बाई, मला पणतू हाय! त्याला पाजा!"

ऐकंल ती नर्स कसली! ग्यानसिंगकडं बघितलं तर त्याची ही एवढी दाढी, झुबकेदार मिशा, अन चिमणीच्या पिलागत आ वासून उभा. मीही वासला. दोन थेंब जिभेवर पडले. करंगळीला शाई तेवढी लावायची राहिली.

गावात आल्यावर आमच्या आशाताईला हे सांगितलं. ती गंभीरपणे म्हणाली, "तात्या, बरं झालं. तुमचा राहिलाच होता!"

०

मग ती धुई अन ते फाटक. चालत चालत गेलो. एका जवानाचा गणवेश मागं पडला अन पुढं दुसऱ्या रंगाचा गणवेश उभा. बस्स, तेवढीच खूण! पायाखाली काही बदललं नाही. मी तरी वाकून बघितलं.

तिकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "बुज़ुर्गो, कहाँ से?"

"परभणी."

"ये कहाँ हुआ?"

आता काय सांगावं? गोदावरी म्हणावं तर त्याला काय ठाऊक. तेवढ्यात मागून ग्यानसिंग बोलला, "जी, हुज़ूर साहिब नांदेड के पड़ोस में." तो अधिकारी मुसलमान, पण शेजारी तिथलाच एक सरदार उभा होता. त्यानं नांदेडचं नाव ऐकलं अन वाकून माझ्या गुडघ्याला हात लावला. "हम तो वहाँ जा नहीं सकते. आप वहाँ की हवा में रहते हो?"

आयुष्यभर नांदेडला मी बैलबाजारासाठी गेलो हो! त्या दिवशी कळलं की मी कुठं राहतो.

०

गुरुद्वाऱ्याचं आवार बघितलं अन पाय थबकले. पांढरी फरशी, नजर पुरंना एवढी. ज्या बाबाजींचं ते ठिकाण, त्यांना हिंदूही आपलं म्हणायचे अन मुसलमानही. म्हणून एकाच आवारात त्यांची समाधीही आहे अन कबरही. लोक इकडं माथा टेकून तिकडं जातात. मी ग्यानसिंगला म्हणालो, "माणूस एक, जागा दोन, अन भांडण न्हाई! आमच्याकडं एका बांधात तीन पिढ्या जातात!"

बाजूला गव्हाची शेतं. एक तिथलाच शेतकरी बसलेला, माझ्याच वयाचा. शेतकऱ्याला शेतकरी वासानं कळतो. म्हणाला, "तुमची ज़मीन कशी?"

"काळी."

"काळी म्हणजे?"

"काळी म्हणजे काळी. तव्यासारखी."

तो हसला. त्याच्याकडची माती गव्हाच्या पिठासारखी भुरी. त्याला वाटलं म्हातारा थापा मारतोय. मग मी पाय पुढं केला. गुरुद्वाऱ्यात जायचं म्हणून घासून धुतला होता. पण टाचेच्या भेगांत बसलेली माती, ती काय निघती? "ही बघा."

त्यानं वाकून टाचेवर बोट फिरवलं. भेग बघितली, बोट बघितलं. मग आपलाही पाय पुढं करून माझ्या पायाशेजारी ठेवला. भेगा तशाच, माती तेवढी भुरी.

म्हणाला, "मेहनत का रंग एक ही है, चौधरी." मला जन्मात कुणी चौधरी म्हटलं नव्हतं!

०

आता माझा अडाणीपणा ऐका. नूरआपाच्या नातीला, शबानाला, मी गावाकडूनच फोनवर खूण सांगून ठेवली होती. "लेकी, वळखायला सोपं हाय. डोक्याला पांढरा फेटा बांधलेला म्हातारा दिसला की समज, मीच."

अन आता उभा कुठं, तर गुरुद्वाऱ्यात! जिकडं बघावं तिकडं फेटेवाले म्हातारे! पांढरे, निळे, केशरी. ग्यानसिंग पोट धरून हसला. "चाचा, सरदारांत फेट्याची खूण?"

हिंडून हिंडून थकलो. उन्हं वर आली, धुई फाटली, तरी पत्ता नाही. एका पायरीवर टेकलो. मनात म्हणालो, इस्माईलभाईला काय तोंड दाखवू? तेवढ्यात पाठीमागं आवाज आला, "नक्को नानी, उदर नक्को जाव. पानी है उदर."

नक्को! उदर! सगळीकडं पंजाबी चाललेली, अन मधीच हे आमच्या पालमच्या बाजारातलं बोलणं. वळलो. तरणी पोरगी, अन तिच्या हाताला धरून वाळलेल्या काडीसारखी एक म्हातारी.

मी म्हणालो, "शबाना?"

ती म्हणाली, "हौ!"

०

नूरआपानं मला खालीवर बघितलं. नातीला विचारलं, "ये कौन?"

"नानी, तुम्हारे गाँव से आए."

"झूट. हमारे गाँव में इत्ते बुड्ढे नईं थे."

मी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, चिंचेचं झाड सांगितलं. काही नाही. इस्माईलभाईचा फोटो दाखवला तर म्हणाली, "अल्ला सेहत दे." परक्या माणसाला म्हणावं तसं.

पंगतीला बसलो. नूरआपा ताटाला हात लावेना. शबाना म्हणाली, "घर में बी ऐसाइच करते." मी फडकं सोडलं. भाकर काढली, वर कारळाची चटणी, अन तिच्या पुढ्यात ठेवली.

तिनं भाकर उचलली. पालथी केली, पापुद्रा बघितला. मग गुडघ्यावर ठेवून मोडली. एक तुकडा डाळीत कुस्करला अन खायला लागली. घाईघाईनं, कुणी बघायच्या आत संपवावा तसा. दुसरा तुकडा ओढणीच्या टोकात बांधला अन गाठ मारली.

शबानाचे डोळे मोठे झाले. "नानी, वो भी खा लो ना."

"नक्को. उनें आएंगा तो क्या खाएंगा?"

"कौन नानी?"

नूरआपा चिडली. "कौन क्या? इस्माईल! बकरियां लेके आरा ना उनें!"

शबानानं पाण्याचा गिलास उचलला अन तसाच धरून बसली.

निघायची वेळ झाली. तिकडची बस थांबत नाही. मी उठलो तशी नूरआपानं गाठ सोडली अन तो तुकडा माझ्या हातात दिला. ओळखलं नव्हतंच. रानाच्या वाटेनं जाणारा कुणी वाटसरू समजली. "तुम रान कू जारैं ना? ये इस्माईल कू देव. सुबू से भूका है उनें."

०

माघारी आपल्या फाटकावर पिशवी यंत्रातून गेली. अधिकारी तरुण होता. फडकं सोडायला लावलं. "ये क्या है बाबा?"

"भाकर."

"पाकिस्तान से रोटी लाए? अमृतसर में रोटी नहीं मिलती?"

"पाकिस्तानची न्हाई साहेब, परभणीची हाय. पाकिस्तान बघून माघारी आली."

त्यानं माझ्याकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं. मग स्वतःच फडकं नीट बांधून दिलं. अशी गाठ मारली की घरी येईपर्यंत सुटली नाही.

आता ते फाटक बंद आहे म्हणतात. कधी उघडंल, कुणाला ठाऊक.

०

गावात एसटीतून उतरलो अन घरी न जाता सरळ इस्माईलभाईच्या ओसरीवर गेलो. तो बाजेवर, तक्क्याला टेकून. मला बघून उठायला गेला, उठवलं नाही. सुनेनं पाणी दिलं. मी पिऊन होईस्तोवर तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"भेटली?"

"भेटली."

"तुला वळखलं?"

"न्हाई."

"माझा फोटो?"

"न्हाई वळखला."

त्यानं मान खाली घातली. गोड करून सांगू नको म्हणाला होता, मी तसंच सांगितलं. मग पिशवीतून फडकं काढलं, गाठ सोडली अन तो तुकडा त्याच्या हातावर ठेवला. वाळून कडक झालेला.

त्यानं तुकडा नाकाशी नेऊन वास घेतला. "ही तर आपल्या ज्वारीची हाय."

"व्हय. मीच थापली."

"मोडली कुणी?"

"तिनं."

"दुसरा तुकडा?"

"तिनं खाल्ला. हा तुझ्यासाठी ओढणीत बांधून ठिवला."

इस्माईलभाईनं तुकडा तळहातावर सरळ केला. भाकरीचा गोल मनात पुरा करत असावा तसं कडेनं बोट फिरवलं. एकदा फिरवलं, परत फिरवलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसायलाय का रडायलाय, मला कळंना. सून धावत आली. त्यानं तुकडा तिला दिसावा म्हणून वर धरला, अन म्हणाला,

"बघ गं, बघ! आज बी लहानाच ठिवला मला!"